आत्याच्या कार्डावर माझी मिशी

कसबा बावडा, कोल्हापूर
रविवार, जेवण झाल्यावर

ती. अनुजाताईस,

तुझ्या मामेभावाचा, म्हणजे ऋतुराजचा, बावड्याहून वाकून नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळी माणसं जागच्या जागी आहेत आणि दोन वेळा जेवतायत. फोनवर सांगितलं असतं तर तू पहिल्याच वाक्याला ओरडली असतीस आणि पुढचं सगळं माझ्या पोटात राहिलं असतं. कागदाला मध्येच ओरडता येत नाही, म्हणून कागद. भाऊजींची पाठ कशी आहे? वल्लरीचा दात पडला का? पडला असेल तर माझ्यातर्फे तिला एक चॉकलेट दे. (दात नाही तर चॉकलेट कशानं खाणार, हा विचार मी आत्ता लिहिल्यावर केला. तरी दे.) माझी तब्येत उत्तम. मधी ट्रकवाल्याबरोबर हुबळीला गेलतो, तिथनं गोव्याला, तिथं एका हॉटेलात कांदे चिरायचं काम मिळालं. पण कांद्यानं मला इतकं रडवलं की मालकाला वाटलं पोराला घरची आठवण येतीय, त्यानं स्वतः तिकीट काढून मला गाडीत बसवलं. ते एक असो. कारखान्याचा हंगाम सुरू झालाय, बावड्यात मळीचा वास भरून राहिलाय, आणि मी तुझ्या आईच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या घरी सोप्यात पथारी टाकून आहे, हे तुला ठाऊकच आहे. तूच म्हणालेलीस, ‘‘ऋतु, तू रिकामाच आहेस, आईचं ऑनलाइनचं तेवढं बघ.’’ ते बघितलं. त्याचाच हा वृत्तांत.

आधी एक बातमी, जी आत्यानं तुला अजून सांगितलेली नसणार. (मी सांगितली असं बोलू नकोस.) आत्याला नोकरी लागतीय. राजारामपुरीत एक संस्था आहे, तिथं नव्यानं दृष्टी गेलेली माणसं येतात, त्यांना बोलणारा फोन कसा वापरायचा ते शिकवायला आत्याला बोलावलंय. पगारावर. चोपन्नाव्या वर्षी पहिली नोकरी म्हणून तिनं नवी चप्पल घेतली आणि ती घालून दोन दिवस घरातल्या घरात फिरत होती. रोज बावड्यातनं सिटी बसनं एकटी जाणार, एकटी येणार. फक्त संस्थेला तिचं दिव्यांगाचं कार्ड लागतं, आणि त्याची मुदत संपलेली. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी वर्ग सुरू होतोय. तोपर्यंत कार्ड नसेल तर वर्ग दुसऱ्या कोणाला देणार. तर कार्डाचं नूतनीकरण आता ऑनलाइन आहे, आणि आत्यानं मला पहिल्याच दिवशी बजावलं, ‘‘ऋत्या, तू नुसता शेजारी बस. हात लावायचा न्हाय. मीच करणार हाय.’’

मी बसलो. तुला आत्याचा फोन माहीत आहे, शर्यतीच्या बैलासारखा पळत बोलतो, आपल्याला एक शब्द कळत नाही आणि ती भाजी निवडत सगळं ऐकते. पण ह्या पोर्टलवर (नाव लिहीत नाही, ते आधीच हँग होतंय) तिचा फोनसुद्धा अडखळला. ती बोट फिरवेल तिथं म्हणायला लागला, ‘‘बटण. बटण. चित्र. बटण. चित्र. बटण.’’ कशाचं बटण, कशाचं चित्र, काही नाही. आत्या म्हणाली, ‘‘हे सरकारी पोर्टल हाय का शिंप्याचं दुकान?’’ मग तिनं मदतीचं बटण शोधलं. (कसं, विचारू नकोस, तिनं सगळी दाबली.) त्यातनं एक कागद उघडला, ‘अंध अर्जदारांसाठी सूचना’. आम्ही दोघं सावरून बसलो. फोन म्हणाला, ‘‘चित्र.’’ सूचनांचा कागद कोणीतरी फोटो काढून चढवला होता, ताई! मग वाकडी अक्षरं ओळखायची होती, तर तिथं ऐकायचीही सोय होती, ती मात्र चांगली म्हणावी असं मी ठरवलं होतं. पण त्यातनं जो आवाज आला तो स्टँडावर गारगोटी गाडीची घोषणा होते तसला, सुरुवात आणि शेवट दोन्ही खरखर. तरी आत्यानं तिसऱ्या फेरीला अक्षरं बरोबर टाकली. मी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, ‘‘टाळ्या नको वाजवू, पुढचं ऐकू दे.’’

पुढचं ऐकू आलं ते असं : ‘‘कृपया कॅमेऱ्याकडे पाहा आणि डोळ्यांची उघडझाप करा.’’

आत्यानं काळा चष्मा काढला, कायमच्या मिटलेल्या पापण्यांसकट फोनसमोर चेहरा धरला आणि बावड्याच्या चौकात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘आरं बाबा, उघडझाप जमली असती तर तुझ्या दारात कशाला आले असते?’’ पोर्टलनं थोडं थांबून सांगितलं, ‘‘पुन्हा प्रयत्न करा.’’ तिनं भुवया उडवल्या, मान हलवली, एकदा तर बोटांनी पापणी वर धरली. पुन्हा प्रयत्न करा. शेवटी वेळ संपली म्हणून पोर्टलच बाहेर पडलं. आत्या फोन चटईवर ठेवून उठली, ‘‘डोकं थंड करून येते,’’ म्हणाली आणि गोठ्यात म्हशीशी बोलायला गेली. (आत्याची म्हैस उत्तम ऐकून घेते. पोर्टलनं तिच्याकडनं शिकावं.)

ताई, आता इथनं पुढं माझा दोष आहे, पण हेतू चांगला होता. फोन चटईवर एकटा पडलेला. मी एकटा बसलेलो. मला रिकामं बसवत नाही, हे तू लहानपणापासनं बघतेस. म्हटलं, आत्या परत येईपर्यंत पहिल्यापासनं उघडून थेट त्या जागी आणून ठेवू, तिला आनंद होईल. सगळं भरलं. ह्या खेपेला पोर्टलनं आधी फोटो जोडायला सांगितलं. आत्याचा फोटो माझ्या फोनमध्ये एकच, तिच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा. तो मीच राजवीरच्या फ्लेक्सच्या दुकानात बसून केलेला, बघितलायस ना? वर ‘बावड्याची वाघीण’, मधे काळ्या चष्म्यातली आत्या, मागं खरा वाघ, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, गॉगलशिवाय शुभेच्छुक म्हणजे दूध नसलेला चहा. रांगेत सगळ्यांना गॉगल, वाघाला सोडून. आणि मला सोडून, कारण माझा गॉगल त्या दिवशी राजवीरनं ढापून स्वतःच्या फोटोत लावला होता. मी तो फ्लेक्स तिच्या फोनवर घेऊन आख्खा चढवला. पोर्टल म्हणालं, ‘‘काळा चष्मा चालणार नाही, चेहरा शोधत आहे.’’ शोधू दे. मग हिरवी खूण आली, ‘‘चेहरा सापडला.’’ मला वाटलं सापडला म्हणजे आत्याचाच, अर्ज तिचा आहे! मग आलं, डोळ्यांची उघडझाप करा. म्हटलं सरकारला डोळेच हवेत ना, माझे आहेत, दोन्ही चालू. केली उघडझाप. ‘‘चेहरा तंतोतंत जुळला.’’ मग ओटीपी. तो तुझ्या नंबरवर जातो. मी तुला मेसेज केला आणि तू मीटिंगमधनं, कशाला, कुणासाठी, काही न विचारता, आकडे पाठवून दिलेस. (दोष वाटून घेऊ असं म्हणत नाही, पण नोंद असावी.)

आत्या गोठ्यातनं आली तेव्हा मी म्हटलं, झालं. तिनं हात पुढं करून आपला फोन मागून घेतला. मग म्हणाली, ‘‘तू केलंस व्हय?’’ आणि आत गेली. मला तेव्हा वाटलं, दमली असंल.

दोन दिवसांत कार्ड आलं. आत्याच्या फोननं ते खणखणीत वाचलं, नाव झुंबरबाई, स्त्री, वय चोपन्न, दृष्टिदोष शंभर टक्के, चित्र. चित्र म्हटल्यावर आम्हाला काय शंका येणार? राजवीरकडं छापायला दिलं, तो लॅमिनेशन करताना पोट धरून हसत होता, पण तो राजवीर आहे, तो दशक्रियेलाही हसतो. मी समोर मिसळ खायला गेलो ते कार्ड न बघताच खिशात घालून तसाच परत आलो.

परवा आत्या जायचा-यायचा रस्ता डोक्यात पक्का करायला राजारामपुरीच्या बसमध्ये चढली. मी मागच्या बाकावर, अनोळखी असल्यासारखा, तशी अटच होती. कंडक्टर आला. आत्यानं कार्ड ऐटीत पुढं धरलं. त्यानं कार्ड बघितलं, आत्याला बघितलं, परत कार्ड बघितलं.

‘‘मावशी, हे कार्ड कुणाचं?’’

‘‘माझंच की. नाव वाचा.’’

‘‘नाव तुमचं हाय, पण ह्याला मिशी हाय.’’

गाडीतली माणसं वाकून बघायला लागली. पुढच्या सीटवरच्या एका आजोबांनी कार्ड हातात घेऊन निवाडा केला, ‘‘मिशी बारीक हाय, पण हाय.’’ आणि मग कंडक्टरची नजर फिरत फिरत मागच्या बाकावर आली. ‘‘ओ पावणं! तुम्ही झुंबरबाई का?’’ ताई, आख्खी बस हसली. मी पण हसलो, कारण सगळे हसतात तेव्हा मला थांबवत नाही. फक्त आत्या हसली नाही. तिनं तिकिटाचे पैसे काढून दिले, पुढच्या स्टॉपला उतरली, आणि फूटपाथवर उभं राहून मला म्हणाली, ‘‘डोळं न्हाईत म्हणून आयुष्यभर दुसऱ्याच्या डोळ्यानं बघितलं, त्याचं काय न्हाय. पर ऋत्या, तोंड तरी माझं मला ठेव की.’’ म्हणजे ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली.

मी लगेच हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी सांगितलं, दुरुस्ती होते, फक्त कार्डधारकानं चेहरा पडताळणी करावी. आता कार्डधारक म्हणजे कार्डावरचं तोंड, आणि ते माझं! म्हणजे आत्या स्वतःच्या कार्डात हात घालू शकत नव्हती, आणि मी पाहिजे तितक्या वेळा झुंबरबाई होऊ शकत होतो. मग आम्ही थेट कार्डाच्या कचेरीत गेलो. तिथले हंबीरराव म्हणून क्लार्क, माणूस गोड, पण दर वाक्याला ‘‘आता सगळं ऑनलाइन हाय’’ म्हणणारा. आत्यानं त्यांच्या टेबलावर आपला फोन ठेवला, पडदा काळा केला आणि म्हणाली, ‘‘मग करून दावा की साहेब. ऐकून ऐकून करायचं, बघायचं न्हाय.’’ हंबीररावांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. बटण. बटण. चित्र. बटण. त्यांनी एकदा चुकून भाषा बदलली, एकदा अर्ज रद्द केला, आणि एकदा काय दाबलं कोण जाणे, फोन त्यांच्या साहेबांनाच लागला, आणि साहेब पलीकडनं ‘‘हॅलो, हॅलो’’ करायला लागले. रांगेतली माणसं खुर्च्या ओढून बघत बसली. शेवटी हंबीररावांनी रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, ‘‘मावशी, हे माझ्याच्यानं उघड्या डोळ्यानंपण हुईना.’’ मग मात्र त्यांनी तिथल्या तिथं वर पाठवायला कागद लिहिला, बटणांना नावं द्या, सूचना वाचता येतील अशा द्या, आणि अंध माणसाला उघडझाप मागू नका. (शेवटचं वाक्य आत्यानं सांगितलं, त्यांनी ‘विनंती’ शब्द घातला, आत्यानं तो काढायला लावला.) आणि कचेरीतच समोर बसवून, चष्म्यासकट, आत्याचा फोटो काढून हातानं पडताळणी करतो म्हणाले. शुक्रवारी अकराला बोलावलंय.

तर एकूण सगळं बेस चाललंय, तुझ्याकडनं काही नको, सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. भाऊजींना नमस्कार, वल्लरीला पापा.

तुझा,
ऋतु
(तात्पुरता झुंबरबाई)

ता. क. १ : ते चुकीचं कार्ड अजून फाडलेलं नाही. बारावीला दोनदा बसलो, पण सरकारनं माझ्या तोंडाशेजारी शंभर टक्के लिहिलेलं हे पहिल्यांदाच. शुक्रवारी जमा करायचंय, तोवर बघून घेतो.

ता. क. २ : काही नको म्हटलं ते खोटं आहे. हंबीररावांनी त्याच दिवशी काम उरकलं असतं, पण मधे ओटीपी आला, म्हणजे तुला आला. मी तुला मेसेज करणार तेवढ्यात आत्यानं माझा हात धरला, ‘‘न्हाय. आधी नंबर बदलायचा. माझ्या नावापुढं माझा नंबर.’’ आणि नंबर बदलायलासुद्धा जुन्या नंबरवर ओटीपी जातो. म्हणून शुक्रवारी अकरा वाजता फोन हातात धरून बस. आकडे आत्याला फोन करून तिलाच सांग. मला सांगू नकोस, मी मागितले तरी. ते शेवटचे आकडे. त्यानंतर तुला तिचं काहीच येणार नाही. हे लिहायचं होतं म्हणून एवढं पत्र लिहिलं.

ता. क. ३ : (आत्या फोनला सांगतीय, फोन टाइप करतोय, मी बघून उतरवतोय. अक्षर बदललंस तर घराबाहेर, अशी ताकीद आहे.) अनू, बाळा, तू माझ्यासाठी केलंस ते मी विसरायची न्हाय. नंबर काढून घेते म्हणून मनाला लावून घेऊ नको. काळजी वाटली की फोन कर. फक्त सोमवारपास्नं दुपारचा करू नको. दुपारी मी कामावर असते.