वाट चुकलेलं लेकरू

१४ नोव्हेंबर १९३८, बेला

पोचले एकदाची. नागपूर ते पांढरकवडा मोटार, पुढे बैलगाडी. पैनगंगेच्या उतारावर बैल पाण्यातच अडून बसले, तेव्हा ह्यांना धोतर खोचून खाली उतरावं लागलं. निजामाच्या महसूल खात्यातल्या गिरदावरसाहेबांचा तो थाट पाहून मला हसू आवरेना. हसलं की पोटावरचा व्रण ओढतो. तरी हसले. लग्नाला वर्ष झालं, पण शाळेतल्या नोकरीपायी मी माहेरीच राहिले आणि हे रजा, इथल्या भाषेत रुखसत, मिळेल तसे येत. आता नोकरी सुटली, दुखण्याने सोडवली म्हणा, आणि मी निजामाच्या हद्दीत नांदायला आले.

घर आवडलं. माजघरात कापसाची रास आढ्याला टेकायला आली आहे. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. म्हणाल्या, लई सुकली पोरगी, आता आमी पाहतो. ऑपरेशनपासून पहिल्यांदाच पोटभर जेवले, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. कचेरीत इथे फसली सन चालतो, महिन्यांची नावंही निराळी. मी आपल्या माझ्याच तारखा लिहीन.

१९ नोव्हेंबर

अंग अजून माझं झालेलं नाही. कळशी उचलायची मनाई आहे. खाली वाकले की डोळ्यांपुढे अंधारी येते, नखं अजून पांढरीफटक आहेत. थंडीत व्रण आवळतो.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी पाटीवर चित्र काढून समजावलं होतं. गर्भ पिशवीत न रुजता वाटेतल्या नळीतच रुजला, नळी फुटली, पोटात रक्त साठलं. उजवी बाजू काढून टाकावी लागली. डावी शाबूत आहे, मूल होऊ शकतं, पण पुन्हा तसंच होण्याचं भयही आहे. म्हणून वर्षभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. पुढे कधी पाळी चुकून एका बाजूला कळ आली, भोवळ आली आणि खांद्याचं टोक दुखू लागलं, तर वाट न पाहता निघायचं. पोट कुणालाही चोळू द्यायचं नाही.

हे सगळं मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं, नंदीबैलही डोलावतो.

२६ नोव्हेंबर

दुपारी कापूस निवडताना सासूबाईंनी विचारलं, लेकरू कुठं पुरलं. मी म्हटलं, लेकरू कुठलं, बोटाएवढा गोळा होता, दवाखान्यातच काय ते केलं असेल. त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, मातीत नाई देल्लं? मंग थे वाट चुकलेलं लेकरू हाय बाई, जागा धुंडून राह्यलं असन.

ह्या घराचा एक रिवाज आहे. मातीला न मिळालेल्या लेकरासाठी नदीतला गोटा आणतात, आईच्या लुगड्याच्या चिंधीत बांधून भिंतीतल्या देवळीत ठेवतात. तो तिथे टिकला की लेकरू बसलं. तोवर आईने गावाची शीव ओलांडायची नाही, नाहीतर ते मागे निघतं आणि पुन्हा चुकतं.

मी शिकलेली बाई, मला हसू यायला हवं होतं. पण सबंध नागपुरात त्याच्यासाठी कुणी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. मी निळ्या लुगड्याचा पदर फाडून दिला. गाठ मारताना खूप रडले. बरं वाटलं.

१ डिसेंबर

गोटा देवळीत नव्हता. कणगीत सापडला, ज्वारीत खोल रुतलेला. सासूबाईंनी पुसून परत ठेवला.

९ डिसेंबर

चुलीच्या राखेत सापडला. मग रांजणात, तळाशी. आज माझ्या ट्रंकेत, शाळेच्या पुस्तकांखाली. ट्रंकेची किल्ली माझ्या गळ्यात असते.

हे सासूबाईंचेच उद्योग, असं मी धरून चालले होते. आज त्यांच्याकडे नीट पाहिलं. गोटा त्यांनी उघड्या हाताने न उचलता पदरात धरून उचलला. म्हणाल्या, थे मी नाई करून राह्यली वं, माया गळ्याची आण. हे म्हणाले, उंदीर असतील. असा उंदीर निजामाच्या राज्यातच निपजायचा.

गोटा कधी उघड्यावर सापडत नाही. नेहमी कशाच्या तरी आत.

१७ डिसेंबर

वर्षभर थांबायचं आहे, ह्याची आठवण ह्यांना करून दिली. हे हसून म्हणाले, तुझ्या डॉक्टरणीला लेकरं किती? आईला नातू हवा, ह्यांना आईची कटकट थांबायला हवी. मला काय हवं, हे विचारायला कुणाला रुखसत मिळत नाही. माझं नाही म्हणणं पांघरुणाखाली कोण ऐकतं.

२२ जानेवारी १९३९

पाळी चुकली. सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडला. मी नहाणीत जाऊन ओकले, भीतीने की कशाने, कळलं नाही.

सकाळी मानेखाली टणक लागलं. उशी उसवली, तर कापसाच्या मधोमध गोटा. शिवण माझ्याच हातची, कुठेही सुटलेली नव्हती. आणि तो गरम होता. माझ्या डोक्याची ऊब असेल. असेलच.

२ फेब्रुवारी

ह्यांना म्हटलं, एकदा नागपूरला दाखवून येऊ. हे म्हणाले, गोटा बसू दे, मग नेतो, आईचं मन कशाला मोडायचं. आणि जैनथकडे दौऱ्यावर निघून गेले. आईचं मन मोडत नाही. माझं काय मोडेल ते पाटीवर काढून दाखवायला हवं होतं.

५ फेब्रुवारी

सकाळी अंथरुणावर, माझ्या पोटापाशी, निळी चिंधी. गाठ तशीच, मी मारलेली. आत गोटा नाही.

घर पालथं घातलं. कणगी, राख, रांजण, ट्रंक, सगळ्या उशा. कुठेही नाही.

सासूबाईंनी चिंधी कपाळाला लावली. हसत होत्या, रडत होत्या. म्हणाल्या, बसलं वं माय, बसलं एकदाचं.

६ फेब्रुवारी

डावीकडे कळ. त्याच एका जागी. राहिलेली बाजू.

गाडी जुंपायला सांगितली. सासूबाईंनी गाडीवानाला घरी पाठवलं. म्हणतात, आत्ताच बसलं, हलवू नको, धचक्यानं उठून जाईन. बसलं नव्हतं तेव्हा जायचं नाही, आणि आता बसलं म्हणून जायचं नाही.

ह्यांच्याकडे निरोप धाडा म्हटलं. म्हणाल्या, पेढे घेऊनच येऊ दे त्याले.

चालत निघाले. फाटकापर्यंतही पाय पोचले नाहीत. सासूबाईंनीच उचलून आणलं. मायेने.

७ फेब्रुवारी

भोवळ. भिंतीला टेकून लिहितेय. ओसरीवर गूळ वाटताहेत. बाया हसताहेत —

सुईण आली आहे, बयनाबाई. तेल गरम करतेय. सासूबाई म्हणाल्या, पोट चोळलं की नीट बसते. मी सांगितलं, चुकीच्या जागी आहे, फुटेल, मी मरेन. त्यांनी केसांवरून हात फिरवला. म्हणाल्या, लेकरू बसते तवा असंच भेव वाटते.

डावीकडे टणक आहे. माझ्याच हाताला लागतं. गोल — आणि गरम —

खांदा. खांद्याचं टोक दुखायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या अगदी तसं —

तेलाचा वास. दार उघडतंय. चोळू नका म्हणा कुणीतरी, ह्यांना बोलवा — गाडी जुं