सातव्या डब्यातला पावसाळा

ती. वन्संच्या पायांवर डोकं ठेवते, आणि तिथवर वाकलेच आहे तर गुडघ्यांचीही चौकशी करते.

तुमचं पार्सल पोचलं. लोकरी शाल एक, पायमोजे दोन जोड (पैकी एक जोड ह्यांचाच, मागच्या खेपेला तुमच्याकडे विसरलेला), बटणांची बरणी एक. तिकिटं कमी लावल्यामुळे दंड मला भरावा लागला. तो दोन दिवसांच्या दुधाइतका झाला. पण मायेला मोल नसतं, म्हणून मी तो 'किरकोळ'मध्ये टाकला. सोबतच्या पत्रात लिहिलंत की इथून निघताना मी दिलेला करडा लेप लावून तुमचा चेहरा तुकतुकीत झाला, आणि शेजारणी काहीतरी निमित्त काढून बघून जातात. वाचून आनंद झाला आणि धसकाही बसला. आनंदाचं कारण उघड आहे. धसक्याचं पुढे लिहिते.

तुमचे बंधू ऑफिसात नेमकं काय करतात, असं तुम्ही दर भेटीत विचारता आणि मी दर भेटीत चहा टाकायला उठते. आता मॅट्रिकवालीला कळलं तेवढं सांगते. हे चिखल बघतात. बोटीने समुद्रात जायचं, तळात लांबलचक नळी खुपसायची आणि आतला चिखल अख्खा उपसून आणायचा. वरचा अलीकडचा, खालचा पुरातन. बोटभर चिखल म्हणजे शंभरेक वर्षं. त्यात बारीक बारीक जीवांचे शिंपले असतात. पावसाळी वारे जोराचे असले की समुद्राच्या पोटातलं गार पाणी वर येतं, त्यावर एका जातीचे जीव माजतात आणि मेले की तळाशी बसतात. ते शिंपले मोजून हे सांगतात की दहा हजार वर्षांपूर्वी पावसाळा कसा होता. (शेजारच्यांच्या केराच्या बादलीवरून काल त्यांच्याकडे किती माणसं जेवली ते मी सांगते, तेव्हा मात्र हेच मला भोचक म्हणतात.) आणि उद्या छत्री न्यावी का, असं विचारलं, तर म्हणतात, 'तो आपला विषय नव्हे.'

तर झालं असं, की ऑफिसातली शीतखोली बिघडली. दुरुस्तीसाठी तीन दरपत्रकं लागतात आणि गावात दुरुस्त करणारा एकच. तोवर चिखल घरोघरच्या फ्रिजमध्ये ठेवावा, असं साहेबांनी फर्मान काढलं. आमच्या वाट्याला एकाच नळीचे सात डबे आले. दूध बाहेर, भाजी बाहेर, चिखल आत! देवाच्या तबकाला बिनआंघोळीचा हात लावणारा हा माणूस, डब्यांना हातमोज्यांशिवाय शिवेना. एवढं सोवळं आमच्या घरात कधी पाळलं गेलं नव्हतं. मी देवाला म्हटलं, बघून ठेव, हा मान चिखलाचा.

पण मला पडली स्वच्छतेची खोड. एका दुपारी सगळे डबे साबणाने बाहेरून लख्ख घासले. त्यांच्यावरचे आकडे जरा जास्तच लख्ख झाले. डबे परत नेले तेव्हा, फ्रिजमध्ये रचले होते त्याच क्रमाने ह्यांनी नवे आकडे घातले, एक ते सहा. (हो, सहा. तुम्ही चाणाक्ष आहात, पण जरा थांबा.) आणि तपासणीत काय निघावं! एका डब्यात औषधालाही शिंपला नाही, आणि त्याच्या वरच्यात नुसता खच. ह्यांनी टाळीच वाजवली. म्हणजे पावसाळा हळूहळू वाढलाच नाही, एका वर्षात धाडकन सुरू झाला! असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. (त्यांच्या बायका डबे घासत नसतील.) निबंध तयार झाला, बढतीसाठी नाव गेलं. निवृत्ती तोंडावर आलेली, म्हणजे ही शेवटची संधी. अडून बसले ते फक्त साहेब. 'पाऊस म्हणजे काय नळ आहे, फिरवला की सुरू?' असं म्हणून त्यांनी कोठीची वही मागवली. वहीत डबे सात! झालं, कोठीवाल्याला ताकीद: सातवा डबा हजर कर, नाहीतर भरपाई तुझ्या पगारातून. हे घरी येऊन मलाच सांगतात, 'मूर्खाला साधे डबे मोजता येत नाहीत!' मी आपली भांडी घासत राहिले.

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो पार्सलातून दिसतो.

तुमची भावजय

ता. क. वन्सं, खोटं पचत नाही हो. जपात सातवा मणी आला की बोट अडतं. तुमचा लेप हाच तो सातवा डबा, रचलेल्यांच्या मधूनच काढलेला. चिखल पाव चमचा तपासतात, उरलेला नुसता पडून राहतो, असं ह्यांनीच सांगितलं होतं. पडून राहण्यापेक्षा माणसाच्या उपयोगी पडावा, शिवाय तुम्हाला रिकाम्या हाती पाठवणं बरं दिसेना (तुम्ही तसं बोलून दाखवता). तुमच्या चेहऱ्यावर सध्या पाचशे वर्षांचा पावसाळा आहे. उरला असेल तेवढा ताबडतोब पाठवा. वाळून गळलेले पोपडेही चालतील. ह्यांची बढती गेली तर जाऊ दे, पण त्या गरिबाचा पगार राहू दे. माझा निश्चय पक्का आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार, तोच हे आले. निबंधावर साहेबांचं नाव पहिलं घालायचं ठरल्यापासून, पाऊस नळासारखा सुरू होतो हे साहेबांना पटलंय. वहीतला सात मुळात सहाच होता, शाई पसरली होती, असा निर्णय झाला. कोठीवाल्याला चोख नोंदींबद्दल शाबासकी, ह्यांना बढती. मी विचारलं, 'आणि समजा, एखादा डबा निघाला कुठे तर?' हे पायमोजे काढत होते. वर न बघता म्हणाले, 'ताईचा चेहरा हल्ली फार उजळलाय म्हणे?'

तेव्हा माती पाठवू नका. दोन्ही वेळा जाड थर लावून संपवून टाका आणि तोंड भरपूर पाण्याने धुवा. देवाला मी समजावीन. तो ऐकून तरी घेतो. डबा मात्र घासून, झाकणासकट परत पाठवा. झाकण फार घट्ट बसतं, आणि ऑफिसच्या हिशेबी आता तो कुणाचाच नाही. तिकिटं पुरेशी लावा, आणि तोंड धुतल्याचं उलट टपाली कळवा.