‘अर्धं चार्जिंग’वाल्यांची चूक

७ मार्च

तो माणूस मूर्ख आहे. नुसता मूर्ख नाही, हातात माईक असलेला मूर्ख.

शेजारच्या कुओ आजीच्या अंगणात कालवं फोडत बसले होते. तिच्या नडगीला भाजलंय, म्हणून तिच्या वाटची टोपली सध्या माझ्याकडे. कानात ‘अर्धं चार्जिंग’ लावलेलं. तायपेईचे दोघे दर आठवड्याला फोन, गाड्या, बॅटऱ्या यांवर गप्पा छाटतात, तो पॉडकास्ट. फांग शाओ-ती बोलतो आणि दुसरा हसतो. दुसऱ्याला तेवढंच काम. हुआलिएनला लॉजवर चादरी बदलायचे तेव्हापासून ऐकते आहे, म्हणजे सवयच म्हणायची.

आणि मध्येच फांग म्हणतो — पिंगतुंगकडे एक म्हातारा मिस्त्री आहे, देवळाच्या मागच्या दाराशी दुकान, उजव्या हाताला तीनच बोटं. म्हाताऱ्या लोकांच्या तीनचाकी स्कूटरना जुन्या सेलच्या बॅटऱ्या बांधून देतो, वर निळं प्लास्टिक. एका आजीकडे फुटली. ॲसिड उडालं, तीन मजले जळाले. “आणि त्याच्या मशीनवर चिप्सचं पाकीट कुठलं होतं माहितीये? पिवळं!” दुसरा हसता हसता गुदमरला.

मागे नेऊन परत ऐकलं मी. तो मिस्त्री म्हणजे माझा मामा. आजी म्हणजे ही समोरची, पायाला पट्टी बांधून मला कालवं नीट फोडत नाहीस म्हणणारी.

पिंगतुंग? आम्ही बुदाईत राहतो, मधे अख्खे दोन जिल्हे! उजवा हात? डावा. ॲसिड? लिथियमच्या बॅटरीत कसलं आलंय ॲसिड, हे मला कळतं, आणि मी केशकर्तनाचा कोर्सही अर्धा सोडलाय. तीन मजले? एक शटर आणि एक भिंत काळी झाली. आणि पाकीट हिरवं आहे. चिप्सचं हिरवं पाकीट ठेवलं की यंत्र गुणी राहतं, पिवळं ठेवलं की रुसतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. नव्या वर्षाला जुन्याची तारीख उलटली म्हणून मी स्वतः बदललं.

आणि बॅटरी मामाची नव्हतीच. आजीकडे दोन होत्या. एक मामानं बांधलेली, एक सुनेनं फोनवरून मागवलेली. त्या दिवशी कुठली लावली होती ते आजीला आठवत नाही. ती मागवलेलीच असणार.

९ मार्च

कोणीतरी त्या भागाखाली लिहिलंय, पिंगतुंग नव्हे, बुदाई, आणि वर दुकानाचा पत्ता. एवढी एकच चूक लोकांनी सुधारली. तीही आमच्या मुळावर येणारी.

फांगला लांबलचक लिहिलं. चुका एकेक करून मांडल्या. ह्याला उत्तर काय आलं? “ताई, आम्ही गप्पा मारतो, बातम्या वाचत नाही. ऐकणाऱ्याला तेवढं कळतं.” पुढे हात जोडलेलं चित्र.

ऐकणाऱ्याला कळतं! मलाच दोन वर्षं कळलं नाही. थंडीत फोन उशीखाली ठेवायचे, त्यानं सांगितलं म्हणून. विमानात फोन बंद का करायचा, समुद्राखालच्या तारा कोण कुरतडतं — माझ्या डोक्यातलं निम्मं शहाणपण ह्या माणसाचं आहे. आता त्यातलं किती खरं, कोण सांगणार? डोकं उलटं करून झटकावंसं वाटतंय.

१० मार्च

एकही गिऱ्हाईक नाही. मामानं बेंच दोनदा पुसलं.

१४ मार्च

सकाळी मिठागराच्या बांधावर गेले होते. जायचं होतं टाकाऊ वायर आणायला. तिथे बगळे बसले होते, ओळीनं, एकाच पायावर, आणि वारा असा की उभं राहणं कठीण, तरी एकही हलत नव्हता. बघत राहिले. वायर राहिलीच. मामानं माझे रिकामे हात बघितले आणि परत बेंच पुसलं. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्याच्याकडे आता कामच नाही, वायर आणून तरी काय. मासळीबाजारातला च्वांग त्याची स्कूटर दुकानासमोरून ढकलत नेत होता, बॅटरी उतरलेली, आणि मान दुसरीकडे. वीस वर्षं ह्याच्याच दारात बसून ह्याचाच चहा प्यायलेला माणूस. मी हाक मारली तर म्हणाला, घाईत आहे. स्कूटर ढकलत घाईत!

मामा काल म्हणाला की शटर भाड्यानं द्यावं, समोरच्या चहावाल्याला जागा हवी आहे. सहज म्हणाला, जेवता जेवता. आई गेल्यापासून मी सोळा ठिकाणी राहिले असेन की वीस, मोजलं नाही. पण न विचारता माझं ताट वाढणारा हा एकच माणूस आहे. दुकान गेलं की वरचा माळा गेला, माळा गेला की माझी गादी. चार दिवसांसाठी आले होते ते खरं. पण जाणं वेगळं आणि जायला लागणं वेगळं.

फांगनं सॉस टाकून भात खाल्ला असेल आत्ता. गळ्यात अडको.

१८ मार्च

नवा भाग आला. माझं पत्र वाचलं! बायकी आवाज काढून. “लिथियमच्या बॅटरीत कसलं ॲसिड!” — आणि दुसऱ्याचं ते हसणं. मग म्हणे, भाची तिखट आहे, आवडली आपल्याला. जिल्ह्याबद्दल, हाताबद्दल, मजल्यांबद्दल माफी, एका श्वासात, जाहिरातीच्या आधी. “पण बॅटरी कोणाची हे तिलाही माहीत नाही, मलाही नाही. तर असं करू. मिस्त्रीबुवांनी नगरदेवासमोर शपथ घ्यावी. घेतली तर पुढच्या भागात मी सगळं मागे घेतो, नाव घेऊन.”

त्याला वाटलं गंमत. इथे गंमत नाही. निवडणुकीतले पुढारीसुद्धा नगरदेवाच्या पायरीवर घाबरतात.

पण मला तर आनंदच झाला. सापडलास, म्हटलं.

१९ मार्च

मामा येत नाही म्हणतो. गुडघा दुखतो. मी म्हटलं नगरदेवाचं देऊळ चियायीत आहे, स्कूटरनं नेते, पायऱ्या मोजून नऊ आहेत. तर म्हणे सोड ते, पोरी, लोक विसरतात. लोक विसरतात? च्वांगला तर मान वळवायची सवय लागली.

भांडले. खूप बोलले. तुला स्वतःच्या नावाची चाड नाही म्हणाले. तो तीन बोटांनी नळीतून सोलत होता कसलीशी वायर, सोलतच राहिला. मग म्हणाला, “शपथ खोट्या माणसांना लागते.”

हे वाक्य फांगला ऐकवायला हवं! अशा माणसाला तो पिवळं पाकीट चिकटवतो.

मामा जाणार नाही. बरं. मी जाते.

२३ मार्च

झालं.

फांग खरंच आला, तायपेईहून, दोन पिशव्या भरून यंत्रं घेऊन. आवाजावरून मोठा माणूस वाटायचा. प्रत्यक्षात बारीक आहे, चष्मा सारखा घसरतो, आणि देवळाबाहेरच्या बाईकडून टर्कीभात घेताना पैशांऐवजी रेल्वेचं कार्ड पुढे केलं. बाई म्हणाली, पोरा, ह्यावर आगगाडी येईल. मला हसू आलं, ते गिळलं.

दुसरा आला नव्हता. मी विचारलं, हसणार कोण? तर म्हणाला, “ते नंतर घालतो.” मला वाटलं मस्करी करतोय. नाही. दुसऱ्याचं हसणं साठवून ठेवलंय, लागेल तिथे लावतात. दोन वर्षं मी त्या हसण्याबरोबर हसले!

आत शिरायच्या आधी जरा वेगळंच बोलला. त्याला ही गोष्ट एका बॅटरीच्या दुकानदारानं जेवताना सांगितली होती. नाव नव्हतं, गाव धड नव्हतं. तीन मजले आणि पिवळं पाकीट त्यानं स्वतः घातलं. “कोरडी सांगितली तर कोण ऐकणार, ताई?” तोंडावर सांगतो हे! मी म्हटलं, माझ्या मामाचं दुकान बंद पडतंय, ते तुला किती ओलं हवं होतं? चष्मा वर सारला आणि माईकची वायर सोडवत बसला.

उदबत्त्या लावल्या, गुडघ्यावर बसले. देवाला आधी नाव, पत्ता, जन्मतारीख सांगावी लागते, नाहीतर त्याला कळत नाही कोण बोलतंय. मी सांगितलं — त्साई छाईफेई, बुदाई, देवळाच्या मागच्या दाराशी, वेंग मिस्त्रीच्या माळ्यावर. पत्ता म्हणून हे पहिल्यांदा उच्चारलं. आवाज जरा फुटला, माईकमध्ये तोही गेला असणार. मग म्हटलं, कुओ आजीकडे जळलेली बॅटरी माझ्या मामानं बांधलेली नव्हती. खोटं असेल तर ह्या जिभेला पुन्हा चव लागू नये.

कौल लावायच्या लाकडाच्या दोन फाकी टाकल्या. दोन्हींची सपाट बाजू वर. म्हणजे देव हसला, उत्तर दिलं नाही. पुजारीबुवा म्हणाले, परत टाक, नीट विचार. फांगनं विचारलं ह्याचा अर्थ काय. मी म्हटलं, तुला हसतोय. आणि उठले.

येताना गाडी वाळूच्या रस्त्यानं घेतली, उगाच. समुद्र अगदी सपाट होता.

२७ मार्च

त्यानं शब्द पाळला. पहिल्याच मिनिटाला, हसणं न घालता. “आम्ही चुकलो. जिल्हा, हात, मजले, ॲसिड, पाकीट, आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे बॅटरी. ती वेंग मिस्त्रींची नव्हती. त्यांच्या भाचीनं नगरदेवासमोर शपथेवर सांगितलं.” मग माझाच आवाज. पत्त्यासकट.

कुओ आजीनं फोन कानाशी धरून तीनदा ऐकलं. रडली. म्हणाली, बघ, मलाही वाटायचं की मीच काही चुकीचं लावलं.

म्हातारी माणसं सगळी ऐकतायत. बाजारात मोठ्यानं लावलंय. जिथे गेले तिथे माझाच आवाज! मी च्वांगच्या दुकानासमोरून मुद्दाम दोन फेऱ्या मारल्या.

मामाला ऐकवायला गेले तर म्हणाला, ऐकलं. आणि भाजी आणायला निघून गेला. लाजला असेल.

३० मार्च

रांग! खरोखरची रांग, रस्त्यापर्यंत. च्वांग सगळ्यात पुढे, हातात फळांची पिशवी. म्हणतो, छाईफेई, मला पहिल्यापासून माहीत होतं. मी म्हटलं हो ना काका, म्हणून तर मान आखडली होती. सगळे हसले, तोही हसला. फळं घेतली.

ज्यांनी निळ्या बॅटऱ्या काढून कोपऱ्यात टाकल्या होत्या त्यांनी परत लावल्या. शिआओ काकू म्हणाली, मुलानं फेकायला सांगितलं होतं, बरं झालं फेकली नाही.

चहावाल्याला निरोप गेला, जागा मिळणार नाही. माळ्यावर खिळा ठोकून माझी पिशवी टांगली. आजवर कुठेच पिशवी टांगली नव्हती, दाराशीच असायची.

मामा जेवला नाही नीट. दगदग.

२ एप्रिल

शिआओ काकूनं आज सकाळी बॅटरी परत आणली. तळाशी फुगलेली, गरम. मामानं ती घमेल्यात वाळूखाली ठेवली, शटर अर्धं ओढलं आणि मला समोर बसवलं.

मागच्या वादळात समुद्राचं पाणी घरांत शिरलं होतं. तेव्हा भिजलेल्या स्कूटरमधले सेल त्यानं वाळवून घेतले, मोजले तर चांगले निघाले, त्यांच्याच बॅटऱ्या बांधल्या. आजीच्या दारातली राख उचलताना त्यानं सेल जोडायची स्वतःच्या हातची पट्टी ओळखली. “मला वाटलं तेवढी एकच असेल.”

मी विचारलं किती आहेत बाहेर. त्यानं नावं सांगायला सुरुवात केली, ती थांबेचनात.

दुपारपासून दोघं दोन फोनवर. फांगलाही कळवलं. तो म्हणतो, एकदा दुरुस्ती झाली, आता परत उलटं सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार, बघतो. मामा म्हाताऱ्यांना सांगतो, मी सांगते. बॅटरी काढा, चार्जिंगला लावू नका, आम्ही न्यायला येतो.

यादीतल्या होऊ आजोबांना तिसऱ्यांदा फोन लावला. त्यांच्या स्कूटरचं चार्जिंग जिन्याखाली असतं, घराला दुसरं दार नाही. ते हसले. पिंगतुंग म्हणणाऱ्या त्या माणसाच्या नादी लागू नकोस म्हणाले. “अगं, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. देवासमोर तूच तर सांगितलंस.”

फोन ठेवला त्यांनी. गाडीची किल्ली घेते आहे.