चार दिवसांत वाळलेली जमीन

चोआ चू कांग, सिंगापूर
११ जून २००६

ती. पद्माकरदादास,

शिरसाष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण त्याला सपाट जमीन लागते. ती आमच्या घरात उरलेली नाही, तेव्हा उभ्यानेच नमस्कार घे. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

आमच्या फ्लॅटच्या जुन्या फरश्या उखडल्यावर खालचा सिमेंटचा थर पोकळ निघाला. कंत्राटदार मिस्टर लिम यांनी तो नाण्याने वाजवून दाखवला (आपण नारळ पारखतो तसा), फोडला आणि नवा घातला. मग म्हणाले, "आँटी, मस्ट ड्राय फर्स्ट लाह, थ्री वीक्स!" चंद्रशेखरही थांबू म्हणत होते. पण अक्षय्य तृतीया तोंडावर आलेली, पूजेला मंडळाची साठ माणसं बोलावलेली. तेव्हा तूच फोनवर सांगितलंस ना, की चार दिवस पुष्कळ झाले? बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस! तुझ्या शब्दावर मी पाचव्या दिवशी फरशी बसवून घेतली.

पूजा उत्तम झाली. साठही जणांनी फरशीचं कौतुक केलं (शिऱ्याचं कुणीच केलं नाही). खालचा थर मात्र वाळता वाळता आकसत होता. महिन्याभराने आम्ही जेवत असताना फटाक्यासारखा आवाज झाला. हॉलच्या मधोमध चार फरश्या तंबूसारख्या वर आल्या, दोन तडकल्या. इरा म्हणाली, "मम्मी, सो मालू लाह!" (लाज वाटली की इथली मुलं असं म्हणतात. लाज तिला, फरशी माझी.) लिम आले, वाकून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. गप्प राहणाऱ्या कंत्राटदाराइतका अपमान कुणी करत नाही. चंद्रशेखर बोलले: "तुझ्या भावाने पूल बांधले की पाडले?" त्यानंतर आठ दिवस अबोला. दादा, सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसापुढे मला कधी मान खाली घालावी लागली नव्हती. तुझ्यामुळे लागली.

तुझी बहीण,
अरुणा

ता. क. हे पत्र चंद्रशेखरना वाचायला दिलं. "अगदी बरोबर लिहिलंस," म्हणाले. अबोला सुटला.

दुसरा ता. क. (हा वेगळ्या चिठ्ठीवर, पाकीट मीच चिकटवते आहे.) तू तीन आठवडे थांबायलाच सांगितलं होतंस, तेही दोनदा. पण निमंत्रणं गेली होती. चार दिवस माझेच. रविवारी चंद्रशेखर तुला फोन करतील, तेव्हा आपलं चुकलं म्हण. थोडक्यात म्हण, फार बोलू नकोस, त्यांना संशय येईल. तू असल्या कामात चुकत नाहीस, हे त्यांनाही ठाऊक आहे.