चाकावरचा हात

प्रिय ताई,

तर मग पुठ्ठा म्हणजे रद्दी आणि मी रद्दीवाला. म्हण तू. मागच्या फोनवरही तेच ऐकवलंस आणि मी तोंड उघडायच्या आत ‘ठेवते, दूध उतू जातंय’ म्हणून मोकळी झालीस. रोजच कसं गं उतू जातं तुझं दूध? म्हणून हे पत्र. हे काही तुला मध्येच ठेवता यायचं नाही.

माझ्या पायाला भिंगरी आहे, कबूल. शाळा सुटली, तुझ्या शेजारी शिवायला बसवलंस, तिथूनही उठलो. पण इथे, या पुठ्ठ्याच्या खेळण्यांच्या कारखान्यात, टिकलोय. नळ, खुर्ची, कुलूप, सगळं पुठ्ठ्याचं मीच आखतो. विकत घेणारी पोरं पाकिटातून काढून दुमडतात, चिकटवतात. मध्यंतरी मालक म्हणाले, काहीतरी हलणारं कर. मला तुझं शिलाई मशीनच आठवलं. पहिल्या नमुन्यात चाक अडकलं. घडी घालताना पुठ्ठ्याची जाडी धरायची असते, तीच विसरलो. मालक म्हणाले, अरे, पुठ्ठ्यालाही पोट असतं, त्याला बसायला जागा ठेव. सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या खेपेला चाक फिरलं, सुई खालीवर झाली, मालकांनी पाठ थोपटली. पण माझं लक्ष कुठे होतं!

ते होतं तू पाठवलेल्या मशीनच्या फोटोंत. मापं हवीत म्हटल्यावर चिमणीकडून काढून घेतलेस ना, ते. पोरगी गुणाची, मामाचं काम म्हणून सगळ्या बाजूंनी काढलेत. मी ते मोठे करून इंच न् इंच बघतो. टेपचं एक टोक तुझ्या डाव्या हातात, दुसरं कात्रीखाली दाबलेलं. पुढच्या फोटोत इस्त्रीखाली. धड दोन हात असलेलं माणूस असं माप घेतं का? चाक फिरतानाचा व्हिडिओ मागितला, तर चाकावर हात चिमणीचा. सुईत दोरा नाही. मशीनखाली चिंध्यांचा ढीग असायचा, तिथे लख्ख फरशी. चिमणीला खोदून विचारलं, तर म्हणते, आईने सांगू नको म्हटलंय. घ्या! हिला धड लपवताही येत नाही.

उजव्या हाताला काय झालंय, ताई? पडलीस? बोटं वळत नाहीत? कळलं तर हा सगळं टाकून पळत येईल, अशी भीती ना तुला? वाटणारच, चार कामं सोडलीत मी. पण तू बोलावल्याशिवाय नाही येत, शपथ. फक्त लपवू नकोस. मनात नको नको ते येतं, परवा पुठ्ठा कापताना सुरी दोनदा घसरली. शेजारच्या काकूंना सोबत घे आणि दवाखान्यात जाऊन हात दाखव. तेल चोळून बरं होईल म्हणत बसू नकोस, आणि एका हाताने कुणाची शिलाई अंगावर घेऊ नकोस. मशीनच्या नमुन्याचे वेगळे पैसे मिळालेत, त्यातले खोलीभाड्यापुरते ठेवून बाकीचे पाठवतोय, साडेसहा हजार.

तुझाच,
धाकटा