मोरी होती तिथेच

३ नोव्हेंबर २०२५
मी, भिकाजी तुकाराम भालेराव, वय एकोणऐंशी, रेल्वेचा निवृत्त गँगमन, शिक्षण इयत्ता चौथी, राहणार लोणावळा, लिहितो ते सत्य लिहितो. रेल्वेच्या चौकशीत जबाब असाच देत असू. दुसरी रीत मला ठाऊक नाही.

ही इमारत सन १९५६ ची. त्यातील या दोन खोल्या मी १९७४ साली घेतल्या. गेल्या उन्हाळ्यात चिरंजीव पवन याने घर नवे केले — मधली भिंत पाडली, स्वयंपाकघरातील मोरी बुजवून गुळगुळीत फरशी घातली. मी संमती दिली. चूक माझी!

पत्नी हिरा हिला दोन वर्षांपासून विसर पडतो. तांदळाचे धुवण ती अजून त्याच कोपऱ्यात ओतते. काल त्यावरूनच घसरली. हाड शाबूत आहे.

पवन म्हणाला, "आबा, आई आता कायमची तळेगावला आमच्याकडे राहील. तुमच्यानं नाही व्हायचं."

मी म्हणालो, "विसर तिला पडला. घर तुम्ही हलवलेत." एक महिना मागून घेतला. घर पूर्ववत करीन. तिला ते ओळखू आले तर ती येथेच राहील.

६ नोव्हेंबर
काम होईपर्यंत हिरा तळेगावला गेली. जाताना मागे पाहिले नाही.

९ नोव्हेंबर
गवंडी गोरख हसतो. "आबा, लोकं मोरी काढत्यात, तुमी घालताय व्हय!"

जुन्या भिंतीची खूण छताला सापडली. मोरीच्या कठड्याची उंची मात्र कोणास ठाऊक? खाली बसलेल्या हिराच्या गुडघ्याइतका होता, एवढे स्मरते. म्हणून मीच तिच्यासारखा उकिडवा बसलो. गोरखने माप घेतले. मग मला उठता येईना!

"धरा माजा हात. कुनाला सांगत न्हाई."

एके काळी आम्ही रूळ उचलत असू.

१५ नोव्हेंबर
कामशेतला कोणाचे एक जुने घर पाडत होते. तेथून शहाबादी फरशी आणली. झिजलेली आहे. तशीच हवी होती.

१९ नोव्हेंबर
भिंत उभी राहिली. भात कच्चा राहिला. खाल्ला.

२५ नोव्हेंबर
सूनबाई ज्योत्स्ना हिचा फोन. "आबा, आई दिवसभर एकच विचारतात, घरी कधी जायचं?"

फार बरे वाटले. आज दाढी केली.

२ डिसेंबर
हिरा आली. दारात क्षणभर थांबली. कोणी हात धरला नाही. भिंतीवरून तळवा फिरवीत थेट स्वयंपाकघरात गेली, डब्यातून तांदूळ काढले, धुतले, पाणी मोरीत ओतले. पातेले कठड्यावर पालथे घातले. एक थेंब बाहेर नाही!

पवन रडला. "आबा, जिंकलात तुम्ही."

मी पुढे झालो.

२ डिसेंबर, सायंकाळ
मला पाहताच तिने पदर डोक्यावरून घेतला. म्हणाली, "भाऊ, मोरी लय झ्याक बांदलीत. आता जावा तुमी. मालक ड्युटीवरनं येत्याल, घरात परका मानूस त्यास्नी खपत न्हाई."

मी बाहेर जिन्यात येऊन बसलो आहे.

समक्ष हजर: मुलगा पवन, सून ज्योत्स्ना, गवंडी गोरख.