गोड लागतच नाही, ते गोड कसलं?

४ ऑगस्ट, सकाळी ११
उपाशीपोटी शुगर २१०. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी वाढवते. म्हटलं, वाढवा. मनात ठरवलं, बंदच करायची. अठ्ठावीस वर्षं कॉलेजच्या बॉटनी लॅबमध्ये काढली. (हुद्दा सहायकाचा, पण सगळं मीच बघायचो.) झाडपाल्यातली रसायनं मला कोण शिकवणार?

५ ऑगस्ट
कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड. करुणाला सांगितलं, गोळ्या चालू आहेत. बायकोला उगाच काळजी नको.

९ ऑगस्ट
पोट बिघडलं. म्हणजे शरीर शुद्ध होतंय. अशा काळात शुगर मोजू नये, असं माझं मत.

१२ ऑगस्ट, संध्याकाळी
शोध! गुडमारची पानं चावली की जिभेला गोड कळतच नाही. छावणीत दोस्त कय्युमभाईंच्या घरी प्रयोग केला. तेही शुगरवाले. पानं चावून इमरती खाल्ली. चव तुपात भिजलेल्या वाळूची. गोड लागतच नाही, ते गोड कसलं? आठ खाल्ल्या. कय्युमभाई म्हणाले, "मियाँ, जुबान को नै समझा, खून को तो समझताच." सायन्स नाही झालेलं बिचाऱ्यांचं.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर कॉलनीत भाषण दिलं. विषय : गोळ्यांपासून स्वातंत्र्य. मध्ये तीनदा लघवीला जावं लागलं. उत्साहानं होतं तसं.

१९ ऑगस्ट
वजन चार किलो कमी!! करुणा म्हणते, लई सुकलात. कौतुक करणं तिला जमतच नाही. तहान फार. उकाडा असणार. करुणा मात्र शाल पांघरून बसलीय.

२१ ऑगस्ट
पेपरातली अक्षरं पुसट. छपाईत कुणाचं लक्ष नाही हल्ली.

२३ ऑगस्ट, दवाखाना
सकाळी पलंगावरून उठताच येईना. कय्युमभाईंनी रिक्षात घालून आणलं. शुगर ५१२. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या कधी सोडल्या? म्हटलं, सोडल्याच नाहीत. करुणानं पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली. पुस्तकांमागं सापडली म्हणे. एकही फोडलेलं नाही. बाई म्हणाल्या, कारलं खा, मेथी खा, पण भाजी म्हणून. गोळीच्या जागी नाही. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, म्हणाल्या.

२४ ऑगस्ट
आजपासून इन्सुलिन. स्वतःच टोचून घेणार, असं सिस्टरला ठणकावून सांगितलं. सुई दोनदा पोटापर्यंत नेली, दोनदा परत आणली. मग करुणानं सुई घेतली. मी दात आवळून तयार राहिलो. बराच वेळ. शेवटी करुणा म्हणाली, उघडा आता डोळे, कधीच टोचून झालं.